निर्भीक, प्रबल आणि आमचा दादा

इचलकरंजीत दोन माणसं भेटली की तीन विषय ठरलेले. सुताचा भाव, वीजबिल आणि पाणी. गेले दोन महिने आमच्या नात्यात मात्र या तिन्ही विषयांना सुट्टी आहे. लग्न असो, बारसं असो, पहिल्या चहाबरोबर एकच प्रश्न निघतो: "मग, दादा कुठलं घेणार?"

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. सुताची पेढी, थोडे माग, आणि त्याच्या जिवावर चालणारे बरेच खर्चीवाले. दीड वर्ष कलेक्टर ऑफिस आणि पोलीस स्टेशनच्या फेऱ्या मारल्यावर त्याला शस्त्र परवाना मिळाला. आता रिव्हॉल्वर कुठलं घ्यायचं यावर नात्यात दोन पार्ट्या पडल्यात, आणि दोन्हीकडचे लोक मला विचारतात. कारण आमच्या आप्पांकडे परवाना होता आणि मला वाचायची खोड आहे, एवढंच! प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकावं म्हटलं.

आधी परवाना का काढला ते, म्हणजे बाहेरच्या वाचकांना उगीच 'शौक' वाटायला नको. दोन वर्षांपूर्वी थंडीत पेढीचे दिवाणजी आठवड्याच्या पगाराची रक्कम घेऊन कारखान्याकडे निघाले होते. मागून मोटारसायकलवर दोघे आले. पिशवी ओढली, दिवाणजी गाडीसकट पडले, मनगट मोडलं. पिशवी गेली ती गेलीच. दिवाणजी बासष्ट वर्षांचे आहेत, आणि त्या दिवसापासून त्यांनी रोख रकमेला हात लावलेला नाही. आता ती पिशवी दादा स्वतः नेतो. वहिनी तो परत येईपर्यंत फोन हातात धरून बसते. हे सगळं मला दिसतं, म्हणून या विषयाची मी थट्टा करणार नाही.

तर मुद्द्याचं. बाजारात काय आहे?

पहिली गोष्ट, आपल्याकडे सामान्य माणसाला रिव्हॉल्वर मिळतं ते बहुतेक .३२ बोअरचंच. .३८ चं रिव्हॉल्वर किंवा ९ मि.मी.चं पिस्तूल हे 'प्रतिबंधित बोअर'मध्ये येतं, ते साध्या परवान्यावर मिळत नाही. परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकात बंद झाली. म्हणून जुनं विलायती वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसन कुणी विकायला काढलं की त्याची किंमत ऐकून घेरी येते. त्या किमतीत चार जुने माग येतील. आमच्या एका काकांचा आग्रह असलंच काहीतरी 'ओरिजिनल' घे असा आहे. काका, तुमचा मान राखून सांगतो, तुम्ही म्हणता त्यातली बरीच शस्त्रं साठ-सत्तर वर्षांची आहेत. स्प्रिंग म्हातारी झालेली, सुटा भाग मिळायची मारामार. कपाटात शोभेला ठीक.

मग उरतात ती इथली. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुनं .३२, जे आप्पांकडे होतं. त्याची मूळ रचना ब्रिटिशांच्या वेब्ली मार्क ४ ची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या सैनिकांच्या कमरेला असायचं त्याचं धाकटं भावंड. मग 'निर्भीक'. हे जानेवारी २०१४ मध्ये आलं. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर, महिलांनी पर्समध्ये बाळगावं म्हणून, अशी जाहिरात झाली होती. वजन फक्त ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये. त्या वेळीच अनेकांनी विचारलं होतं की सव्वा लाखाची ही सुरक्षितता नक्की कुठल्या बाईसाठी आहे? प्रश्न बरोबरच होता. तिसरं 'प्रबल'. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, त्यातल्या कानपूरच्या कंपनीने हे ऑगस्ट २०२३ मध्ये आणलं. वजन ६७५ ग्रॅम, नळी ७६ मि.मी., किंमत तेव्हा एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. आणि चौथं, उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे वेब्लीच्याच नावाने बनतं ते. त्यावर सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्वर-पिस्तुलांचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय. दादा, तू सुताच्या जीएसटीवरून भांडणारा माणूस, हे ध्यानात ठेव!

आता गंमत बघा. ही चारही सहा गोळ्यांची. चारही .३२ ची. काडतूसही एकच, स्मिथ अँड वेसन लाँग नावाचं, ज्याचा जन्म १८९६ चा. (पिस्तुलाचं '.३२' वेगळं बरं का. दुकानात नुसतं "बत्तीसची गोळी द्या" म्हणू नये.) म्हणजे नळीतून बाहेर पडणारी वस्तू तीच, साधारण त्याच वेगाने. मग फरक कशात आहे? तीन गोष्टींत.

एक, उघडतं कसं. जुनं कानपूर, निर्भीक आणि वेब्ली ही मधोमध मोडतात, सुपारीच्या अडकित्त्यासारखी. खटका दाबला की नळी खाली झुकते आणि रिकामी टरफलं एकदम वर येतात. सोपं आहे. पण सगळा भार त्या बिजागरीवर आणि खटक्यावर असतो, आणि वर्षानुवर्षं वापरून तिथे ढिलाई येऊ शकते. प्रबलमध्ये चौकट अखंड, गोळ्यांचं चक्र बाजूला बाहेर येतं. यंत्र म्हणून मला हे पटतं. माग चालवणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको, जिथे जोड तिथे खडखड.

दोन, ट्रिगर. घोडा हाताने न ओढता थेट ट्रिगर दाबला तर तो लांब आणि जड चालतो. जुन्या कानपूरचा तर फारच. आप्पा म्हणायचे, "गोळी सुटेपर्यंत चोर जेवून येतोय." यात ब्रँडपेक्षा त्या एका नगाचा फरक जास्त असतो. म्हणून विकत घेताना रिकामं शस्त्र हातात घेऊन, दुकानदाराला विचारून, ट्रिगर दाबून बघावा. दोन नग असतील तर दोन्ही.

तीन, वजन. इथेच आमच्या दोन पार्ट्या आहेत. निर्भीक पार्टी म्हणते हलकं बरं, खिशात कळत नाही. प्रबल पार्टी म्हणते जड बरं, हातात स्थिर राहतं, वर टप्पा ५० मीटर. तर मंडळी, ५० मीटर हा कंपनीचा आकडा आहे आणि गोळी तेवढी जात असेलही. पण आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचा प्रकार आहे २५ मीटर पिस्तूल. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलेली मुलगी. त्या २५ मीटरमागे किती वर्षांचा रोजचा सराव आहे? आणि दादा चौसष्ट इंच पोट सांभाळत मलाबादे चौकात संध्याकाळी सहा वाजता ५० मीटरवर नेम धरणार? मधे किती रिक्षा, किती भाजीवाल्या, किती पोरं आहेत ते मोजा एकदा. (पोटाचा आकडा थोडा वाढवलाय, रागावू नकोस.)

म्हणजे यंत्र म्हणून मला विचाराल तर प्रबल. बाळगायला सोपं विचाराल तर निर्भीक. पण हे दोन्ही मत मी फार जोरात मांडणार नाही, कारण १७५ ग्रॅमवरून भांडताना आपण एक मोठा प्रश्न विसरतोय असं मला वाटतं.

तो प्रश्न असा: दिवसाच्या प्रत्येक तासाला हे रिव्हॉल्वर कुठे असेल?

कागद घ्या आणि दादाचा साधा दिवस लिहा. सकाळी साडेआठला तो बस्तीत जातो. कातडी पट्टा काढून मगच आत जातो, लहानपणापासून. मग पट्ट्याला लावलेलं रिव्हॉल्वर त्या वेळात कुठे? गाडीच्या डिकीत? डिकी काडीने उघडते हे इचलकरंजीतल्या दहा वर्षांच्या पोरालाही माहीत आहे. दहाला पेढी. पेढीवर दिवसभर माणसांची ये-जा, दादा गादीवर मांडी घालून बसतो. मांडी घातल्यावर कमरेचं टोचतं, मग ते निघून गल्ल्यात जाणार. गल्ला उघडा ठेवून तो दहा वेळा उठतो. दुपारी जेवायला घरी, मग वामकुक्षी. तेव्हा ते उशाला? घरात चिनू साडेचार वर्षांची आहे. तिला आजोबांच्या सगळ्या खिशांत हात घालायची सवय आहे, कारण त्यात गोळ्या असतात. लिमलेटच्या! ही ओळ लिहितानाही माझ्या पोटात गोळा आला, पुढचं तुम्ही समजून घ्या.

दुपारी चारला सायझिंग, मग बँक. आणि आठवड्यातून दोनदा मानकापूर-बोरगाव. आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इचलकरंजीतून स्कूटरवर निघालं की थोड्याच वेळात कर्नाटक लागतं. आपल्याला ते कळतही नाही, तेच ऊस, तेच माग, तीच मराठी-कानडी. पण परवान्यावर जेवढं क्षेत्र लिहिलंय तेवढ्यातच तो चालतो. महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन मानकापूरच्या वेशीत शिरलं की दादा शस्त्र कायद्याखाली गुन्हेगार. कमरेला निर्भीक आहे की प्रबल हे तिथला फौजदार विचारणार नाही. नात्यातल्या तीस-चाळीस माणसांनी दोन महिने मॉडेलवर डोकं खपवलं, पण परवान्यावरचं क्षेत्र कोणी वाचलं का? मी विचारलं तर दादा म्हणाला, "बघायला पायजे." बघ बाबा, आधी तेच बघ.

आप्पांच्या रिव्हॉल्वरची कहाणी मी घरात पाहिली आहे. पहिले दोन महिने ते रोज कमरेला लावायचे. मग फक्त बाहेरगावी जाताना. मग तिजोरीत. नंतर ते बाहेर निघायचं ते निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायला आणि निकालानंतर परत आणायला, आणि तेव्हा दर तीन वर्षांनी नूतनीकरण असायचं त्यासाठी. (आता ती मुदत पाच वर्षं आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून.) म्हणजे आमच्या घरच्या रिव्हॉल्वरने सगळ्यात जास्त प्रवास केला तो घर ते पोलीस ठाणे असा! पंचवीस वर्षांत त्यातून एकही गोळी रागाने सुटली नाही, हे आमचं भाग्य. आणि सरावाचीही फारशी सुटली नाही. काडतुसं वर्षाला किती घ्यायची आणि जवळ किती ठेवायची हे परवान्यावर ठरलेलं असतं, त्यामुळे आप्पा ती सोन्यासारखी जपून ठेवायचे. जपून ठेवलेली जुनी काडतुसं आणि कधी न चालवलेला हात, ही कुठल्या संरक्षणाची जोडी?

म्हणून माझं मत असं. एकसारख्या चार शस्त्रांतून निवडताना 'कुठलं चांगलं' हा प्रश्न शेवटचा. तुझ्या दिवसात सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत ज्याला एक तर अंगावर किंवा कुलपात, अशा दोनच जागा असतील, ते शस्त्र तुझं. तिसरी जागा नको. डिकी नको, गल्ला नको, उशी नको, "जरा धर रे" म्हणून पोराच्या हातात नको. २०१६ च्या नियमांतही सार्वजनिक ठिकाणी शस्त्र म्यानात, म्हणजे होल्स्टरमध्ये हवं, मिरवायचं नाही, असंच आहे. ट्रिगर पूर्ण झाकणारं नायलॉनचं होल्स्टर आणि कापडी पट्टा घेतला तर बस्तीत पट्टा उतरवायचा प्रश्नही राहत नाही. (शस्त्र घेऊन बस्तीत जावं का, हा वेगळा प्रश्न. माझ्या मते जाऊ नये. त्या दिवशी ते घरी कुलपात राहू दे.) दिवसभर अंगावर ठेवायचं तर निर्भीकचे ते कमी १७५ ग्रॅम खरोखर कामाचे आहेत. फक्त पिशवी नेण्याच्या त्या दोन तासांपुरतं कपाटातून काढून परत कपाटात ठेवायचं, तर प्रबल घे. आणि दिवस लिहून काढल्यावर दोन्ही बसत नसतील, तर परवाना मिळाला म्हणून शस्त्र घेतलंच पाहिजे असं नाही. हे तिसरं उत्तरही उत्तरच आहे.

"मग चोर आला तर काय त्याला सूत दाखवू?" दादा हे विचारणार हे माहीत आहे. म्हणून जे घडलं तेच पुन्हा आठव. मोटारसायकल मागून आली. दिवाणजींना ती दिसली तेव्हा पिशवी हातातून गेलेली होती. सदऱ्याखालचं रिव्हॉल्वर काढायला सरावलेल्या माणसालाही दोन-तीन सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात ते दोघे पुढच्या वळणावर होते. त्यांच्या पाठीवर गोळी झाडली असती तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि त्यात गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही हे स्पष्ट आहे. जीव वाचवायला गोळी झाडणं निराळं. पिशवी घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली गोळी स्वसंरक्षण म्हणून टिकवणं फार अवघड. आणि ती चुकून भाजीवालीला लागली तर अवघड हा शब्दही कमी पडेल.

मामींनी वेगळाच प्रश्न काढला होता. त्या म्हणाल्या, "आपण मुंगी चुकवून पाय टाकणारी माणसं, आपल्या घरात हे कशाला?" यावर आमच्यातले एक जाणते गृहस्थ म्हणाले की शास्त्रात हिंसेचे चार प्रकार आहेत, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी, आणि गृहस्थाला बंदी आहे ती ठरवून केलेल्या संकल्पी हिंसेची. स्वतःच्या, घराच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. बरोबर आहे. पण मामी, मला तुमचा प्रश्न त्या उत्तराने मिटला असं वाटत नाही. रक्षणासाठी हातात घेतलेली वस्तू रोज चोवीस तास घरात राहते. चोर वर्षानुवर्षं येणार नाही. चिनू मात्र रोज येणार.

तर रोख रकमेचं काय? मला वाटतं खरं संरक्षण तिथे आहे. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत आपल्या गावाने काय काय भोगलं ते सगळ्यांना आठवतं. पण तेव्हापासून निम्मे तरी कामगार खात्यावर पगार घ्यायला तयार झालेत, दादाच्याच कारखान्यात. उरलेल्यांना दोन हप्त्यांत द्या. ठरलेला वार आणि ठरलेला रस्ता सोडा. स्कूटरऐवजी चारचाकी, एकाऐवजी दोन माणसं. याला लाख-दीड लाख लागत नाहीत, परवानाही लागत नाही. हे करूनही भीती उरली, तर रिव्हॉल्वर जरूर घे. मी विरोधात नाही. परवाना मिळण्याआधी शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण झालंच आहे, ते तिथेच सोडू नकोस. वर्षातून चार वेळा तरी रेंजवर जा. तिजोरी भिंतीत पक्की कर, किल्ली तुझ्याकडेच, आणि काडतुसं वेगळ्या कप्प्यात. लग्नाच्या वरातीत "दादा, एक बार काढा की!" म्हणणारे मित्र आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना सांग, २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बार नाही निघणार म्हणावं.

वहिनी, तू हे वाचशील म्हणून एक सांगतो. तो मॉडेल दाखवायला लागला की तू फक्त विचार, "दुपारी दोन वाजता हे कुठे असेल?" उत्तर पटकन आलं तर घेऊ दे. नुसतं "बघू की" असं आलं तर परवान्याची मुदत अजून आहे, घाई नको.

काकांना विनंती, फोन करून ओरडण्याआधी पूर्ण वाचा :)